शोधनिबंधासाठी डिजिटल टिपणं: पहिल्या प्रश्नापासून संदर्भसूचीपर्यंत

एम.ए.च्या वर्गात ‘चार-पाच हजार शब्दांचा शोधनिबंध सादर करा’ अशी सूचना येते, विषय ठरतो आणि मुलं वाचायला लागतात. टिपणं कशी काढायची हे मात्र बहुतेकांना कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. महिनाभरात डाउनलोड्समध्ये पीडीएफचा ढीग, गॅलरीत ग्रंथालयातल्या पानांचे फोटो, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या लिंक आणि वहीत अर्धवट उतारे असा पसारा होतो. मग निबंध द्यायच्या आठवड्यात ‘हे वाक्य कुठलं होतं?’ हा शोध सुरू होतो आणि त्यात रात्री जातात.

हे टाळता येतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. साधा लॅपटॉप, फोन आणि एकच सवय पुरते: प्रत्येक टिपण लिहिताना, त्याच क्षणी, तीन गोष्टी नोंदवायच्या. ते कुठून आलं, कितव्या पानावरून आलं आणि ते शब्द कुणाचे. पुढचं सगळं या तीन गोष्टी सोप्या व्हाव्यात म्हणून आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वावरील महाकोशाचं काम १९४८ साली सुरू झालं. त्यासाठी ग्रंथ वाचून काढलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. शब्द, त्याचा उतारा आणि तो कुठल्या ग्रंथात कुठे आला याचा संदर्भ चिठ्ठीवर असल्यामुळे एका पिढीने काढलेली चिठ्ठी पुढची पिढी वापरू शकते. संगणक नसताना हे जमलं, कारण संदर्भ टिपणाला चिकटलेला होता. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

उदाहरणासाठी एक विषय धरून चालू: १९७२ चा दुष्काळ आणि महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, यांपैकी कुठल्याही विभागात हा विषय निघू शकतो. त्याची साधनंही सगळ्या प्रकारची आहेत: इंग्रजी लेख, मराठी शासकीय कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि तो काळ पाहिलेली माणसं.

पायरी १: डाउनलोडच्या आधी प्रश्न

एक नवीन डॉक्युमेंट उघडा आणि त्याला ‘नोंदवही’ नाव द्या. पहिल्या ओळीत तुमचा प्रश्न लिहा. ‘रोजगार हमी योजना: एक अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘दुष्काळी कामं आणि हमीची कामं यांत मजुराच्या दृष्टीने काय बदललं?’ हा प्रश्न आहे. तो पुढे बदलेल, बदलू द्या. पण जुना खोडू नका, खाली तारीख घालून नवा लिहा.

प्रश्नाखाली रोजच्या शोधाची नोंद ठेवा: कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, काय मिळालं, काय नाही. एकच गोष्ट तीनदा शोधायची वेळ याने टळते. शोधशब्दांची यादीही इथेच ठेवा. रोजगार हमी, तिचं लघुरूप रोहयो आणि ईजीएस ही इंग्रजी आद्याक्षरं तर घ्याच. दुष्काळाबरोबर अवर्षण आणि टंचाई हेही घ्या. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळासाठीचा ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढून टाकला. त्यामुळे १९७२ च्या शासकीय इंग्रजी कागदांत त्याच एका शब्दाने शोधत बसलात तर बरंच काही हाताशी लागणार नाही, ‘स्केअर्सिटी’ने शोधा.

पायरी २: फाइलला नाव, मिळाल्या मिळाल्या

शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं प्रबंधांचं भांडार नवख्या विद्यार्थ्याला सोन्यासारखं आहे. पण तिथले बरेच प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात आणि उतरवल्यावर फाइलचं नाव नुसतं ‘चॅप्टर २’ अशा धाटणीचं येतं. दोन प्रबंधांची दुसरी प्रकरणं डाउनलोड्समध्ये शेजारी बसली की कुठलं कुणाचं ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि कधी उघडूनही कळत नाही, कारण मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये राहिलेलं असतं. म्हणून प्रबंध घेताना शीर्षकपानाची फाइल आधी उतरवा आणि सगळ्या फाइल त्याच प्रबंधाच्या फोल्डरमध्ये टाका.

नावाची पद्धत सोपी ठेवा: वर्ष, आडनाव किंवा संस्था, दोन-तीन शब्दांत विषय, मध्ये अधोरेषा. म्हणजे ‘१९७७_महाराष्ट्र-शासन_रोहयो-कायदा’. वर्ष आधी असलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते. नावं मराठीत ठेवायला हरकत नाही. फक्त आकडे देवनागरी की इंग्रजी ते एकदाच ठरवा. दोन्ही मिसळले की क्रम बिघडतो, आणि अनेक प्रोग्रॅममध्ये देवनागरी आकड्यांनी शोधलं तर इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं सापडत नाही. टिपणांतल्या सालांनाही हाच नियम लावा.

फोल्डर चार पुरेत: साधनं, टिपणं, मुलाखती, मसुदा. उपफोल्डरांच्या आत उपफोल्डर करत बसू नका. विषयवार विभागणी फोल्डरने करायची नसते, त्याचं पुढे येईलच.

पायरी ३: संदर्भांसाठी झोटेरो

टिपणं कुठे लिहायची यावर विद्यार्थी तासन्‌तास व्हिडिओ बघतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या शोधनिबंधाला झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम आणि एक साधं डॉक्युमेंट एवढं पुरतं. ऑब्सिडियन, नोशन ही टिपणांची चांगली साधनं आहेत, पण ती शिकण्यात गेलेला आठवडा वाचनातून वजा होतो.

झोटेरो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. लॅपटॉपवर प्रोग्रॅम टाका, ब्राउझरमध्ये त्याचा कनेक्टर जोडा. लेखाच्या पानावर असताना कनेक्टरचं बटण दाबलं की लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष यांची नोंद तयार होते आणि मिळाली तर पीडीएफही सोबत येते. इंग्रजी शोधपत्रिकांच्या बाबतीत हे छान चालतं. मराठी पुस्तकं, शासन निर्णय, स्कॅन केलेले अहवाल यांच्या बाबतीत नोंद अर्धी किंवा चुकीची येते. कधी लेखकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव बसतं. तेव्हा नोंद आली की लगेच ती उघडून लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, प्रकाशनस्थळ हातानं तपासा. संकेतस्थळावरून घेतलं असेल तर पाहिल्याची तारीखही हवी.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. झोटेरोची ऑनलाइन साठवण फुकटात ३०० एमबी मिळते आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ तेवढी जागा पटकन खातात. नोंदी आणि लिखित टिपणं त्या मर्यादेत मोजली जात नाहीत, म्हणून फाइलचं सिंक बंद ठेवून फक्त नोंदी सिंक केल्या तरी चालतं. दुसरं, झोटेरोचं डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. त्याने डेटाबेस खराब होऊ शकतो.

पायरी ४: टिपण

आता मुख्य काम. झोटेरोतच पीडीएफ उघडून रंगीत खुणा करता येतात आणि सगळ्या खुणांचं एकत्र टिपणही काढता येतं, पान क्रमांकासकट. सोय चांगली आहे, पण त्यामुळे पानच्या पान पिवळं करायची सवय लागते. खूण करणं म्हणजे टिपण काढणं नव्हे. आधी लेखाची सुरुवात आणि शेवट वाचा, आपल्या प्रश्नाला तो कुठे भिडतो ते पाहा, मग तेवढा भाग नीट वाचा. एका पानावर दोन-तीन खुणांच्या वर गेलात तर थांबून विचारा, यातलं निबंधात खरंच काय येणार?

टिपणात तीन प्रकारचा मजकूर येतो आणि ते तिन्ही दिसायला वेगळे असले पाहिजेत. मूळ लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हात, काना-मात्रेसकट. तुमच्या शब्दांत सांगितलं तर आधी ‘सारांश’ लिहायचं. तुमचा स्वतःचा विचार असेल तर आधी ‘मी’ लिहायचं. महिनाभराने वाचताना स्वतःचं वाक्य आणि दुसऱ्याचं वाक्य यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं इथूनच, कुठलाही वाईट हेतू नसताना, सुरू होतात.

एक टिपण जवळून पाहू. नवखा विद्यार्थी साधारण असं लिहितो:

रोहयो १९७७ – कामाचा हक्क – महत्त्वाचं!

हे कुठून आलं, कोण म्हणालं, का महत्त्वाचं, काहीच कळत नाही. वर १९७७ हा आकडा गोंधळात टाकणारा आहे. तेच टिपण असं हवं:

शीर्षक: हमीचा कायदा लागू कधी झाला
स्रोत: महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ (१९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २०)
पान: छापील पान आणि पीडीएफचं पान, दोन्ही
सारांश: कायद्याच्या नावात १९७७ आहे, क्रमांक १९७८ चा आहे, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.
मी: योजना १९७२ पासून चालू होती. म्हणजे कित्येक वर्षं ती कायद्याविना चालली. त्या काळात ‘हमी’ला आधार कशाचा होता? शासन निर्णय शोधायचे.
विषयखूण: कायदा, कालक्रम
तारीख: टिपण काढल्याची

फरक बघा. ‘योजना कधी सुरू झाली’ याची उत्तरं वेगवेगळ्या लेखांत १९७२, १९७७, १९७९ अशी मिळतात. प्रत्येक साल कुठल्या तरी घटनेचं आहे, पण घटना वेगळ्या आहेत. नुसतं साल टिपलं तर तुमच्या टिपणांत विरोध दिसेल आणि कोण चूक ते शोधण्यात दिवस जाईल. सालाबरोबर घटना टिपली की विरोध उरत नाही, उलट एक नवा प्रश्न हाती येतो. ‘मी’च्या ओळीत आलेला हा प्रश्न कदाचित निबंधाचा सगळ्यात चांगला भाग ठरेल. म्हणून ती ओळ रिकामी सोडायची नाही, एक वाक्य तरी लिहायचंच.

पानाबद्दल: पीडीएफ वाचकात खाली दिसणारा क्रमांक आणि कागदावर छापलेला क्रमांक एक नसतात. प्रस्तावनेची पानं, मुखपृष्ठ यांमुळे दहा-पंधरा पानांचा फरक सहज पडतो. संदर्भात छापील पान द्यायचं असतं; पीडीएफचं पान आपल्याला परत जाण्यासाठी.

एका टिपणात एकच मुद्दा. एका लेखातून सहा मुद्दे मिळाले तर सहा टिपणं. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटेल, पण मांडणी करायला बसाल तेव्हा टिपणं सुटी असल्याचा फायदा कळेल.

पायरी ५: मराठी साधनांची वेगळी काळजी

इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत हे सापडणार नाही आणि मराठीत काम करणाऱ्याला पावलोपावली लागतं.

मराठी पीडीएफ मिळाली की वाचायच्या आधी एक परीक्षा करा. एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच आली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, शोध चालेल. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिच्यात मराठी शब्द शोधून काही मिळत नाही आणि ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘त्यात नाही’ असा घेतला तर फसगत होते. काहीच निवडता येत नसेल तर ती स्कॅन केलेली प्रतिमा आहे.

शेवटच्या दोन्ही प्रकारांवर ओसीआर, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, हा उपाय. पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट गूगल ड्राइव्हवर चढवा, लॅपटॉपवर त्यावर राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. प्रतिमेखाली मजकूर येतो. मोठी फाइल असेल तर थोड्या थोड्या पानांचे तुकडे करा. छापील मराठी बरंच नीट ओळखलं जातं. मात्र दोन स्तंभांचा मजकूर एकमेकांत मिसळतो, तक्ते मोडतात, अनुस्वार गळतात आणि आकड्यांत १ व ९, ५ व ६ यांची अदलाबदल होते. मजुरीचा दर किंवा मजुरांची संख्या ओसीआरवरून घेत असाल तर मूळ पान समोर ठेवून प्रत्येक आकडा तपासा. इथे अजिबात सूट नाही.

जुन्या मजकुरात शोधताना लेखनाचाही विचार करा. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तोवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गांवांत’ असे अनुस्वार सर्रास असत आणि काही लेखकांनी, मुद्रणालयांनी ते पुढेही चालू ठेवले. ‘गावात’ असं शोधून ‘गांवांत’ मिळणार नाही. शब्दाचा न बदलणारा तुकडा शोधा, किंवा दोन्ही रूपं देऊन पाहा. उतारा घेताना मात्र मूळ लेखन जसंच्या तसं ठेवा.

ग्रंथालयात फोटो काढायची परवानगी असेल तर क्रम पाळा: आधी मुखपृष्ठ, मग शीर्षकपान, मग प्रकाशक-वर्ष असलेलं मागचं पान, आणि नंतर हवी ती पानं, प्रत्येक चौकटीत पान क्रमांक दिसेल अशी. दुसरं पुस्तक हातात घेतलं की पुन्हा मुखपृष्ठापासून. गॅलरीत प्रत्येक मुखपृष्ठाचा फोटो म्हणजे नव्या स्रोताची सुरुवात, हे आपोआप कळतं. वर्तमानपत्राच्या अंकाचा फोटो घेताना बातमीबरोबर पानाच्या माथ्यावरची तारीख आणि आवृत्ती वेगळ्या फोटोत घ्या. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी फोटो फोल्डरमध्ये हलवा आणि झोटेरोत हातानं नोंद करा. दुसऱ्या दिवशी संदर्भ आठवतो, पंधरवड्याने आठवत नाही.

पायरी ६: मुलाखती

बहात्तरच्या दुष्काळात विशीत असलेली माणसं आज सत्तरीपार गेली आहेत. खडी फोडलेली, पाझर तलावाच्या कामावर मुलं सोबत नेलेली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेलं कोरडं खाणं) खाल्लेली ही माणसं तुमच्या गावात, कदाचित घरातच असतील. विषय असा असेल तर त्यांच्याकडे जायलाच हवं, आणि लवकर जायला हवं.

ध्वनिमुद्रणाआधी संमती घ्या आणि ती मुद्रणात येऊ द्या: ‘आजी, हे मी कॉलेजच्या अभ्यासासाठी रेकॉर्ड करतेय, चालेल ना?’ लगेच तारीख आणि गाव मोठ्याने बोला. फाइलला खूणक्रमांक द्या, मु-०१, मु-०२ असा; खरी नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती कुणाला पाठवू नका. सगळी मुलाखत शब्दशः उतरवायची गरज नाही. ऐकताना दर पाच मिनिटांना काय बोलणं झालं त्याची वेळेसह यादी करा, हवा तो भागच शब्दशः उतरवा. टिपणात पानाच्या जागी मिनिट-सेकंद येतात, बाकी साचा तोच. बोली बदलून प्रमाण करू नका. आणि आठवणीतलं साल हे कागदावरच्या सालासारखं धरू नका. ‘धाकट्याच्या जन्माच्या वर्षी’ असं सांगितलं तर तसंच टिपा, जुळवणी ‘मी’च्या ओळीत करा.

पायरी ७: मांडणी

साताठ स्रोत वाचून झाले की विषयखुणा पक्क्या करा. आमच्या उदाहरणात मजुरी, स्त्रिया, कामांचे प्रकार, कायदा, पैसा कुठून आला, टीका अशा. दहा-बारापेक्षा जास्त खुणा असतील तर दोन-दोन एकत्र करा. एका टिपणाला दोन खुणा चालतात. म्हणूनच फोल्डरपेक्षा खुणा बऱ्या, कारण फाइल एकाच फोल्डरमध्ये बसते.

नंतर स्प्रेडशीट उघडा. डाव्या बाजूला खाली खाली स्रोत, वर आडव्या ओळीत विषयखुणा. प्रत्येक चौकोनात तो स्रोत त्या मुद्द्यावर काय म्हणतो ते एका ओळीत, पान क्रमांकासह. स्तंभ वरून खाली वाचला की एका मुद्द्यावर कोण कुणाशी सहमत आहे, कुठे वाद आहे ते दिसतं, आणि तोच तुमच्या एका परिच्छेदाचा सांगाडा. रिकामे चौकोनही बोलतात. समजा ‘पैसा कुठून आला’ या स्तंभात तुमच्याकडे काहीच नाही. मग १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा आणि रोजगार हमीचा निधी यांचा संबंध वाचायला हवा हे वेळीच लक्षात येतं. लेखन संपत आल्यावर हे कळून उपयोग नसतो. पहिला मसुदा लिहिण्याआधी हा तक्ता मार्गदर्शकांना दाखवा. अर्ध्या तासात त्या नेमकं काय कमी आहे ते सांगू शकतील.

पायरी ८: लिहायला बसताना

पीडीएफ बंद ठेवा, फक्त टिपणं उघडी ठेवा. वाक्य लिहिलं की त्याच क्षणी संदर्भ घाला. वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्समध्ये झोटेरोतून थेट संदर्भ टाकता येतो आणि शेवटी सूची आपोआप तयार होते. ‘नंतर टाकू’ म्हणून रिकामा कंस सोडला तर तो तसाच छापून जातो.

एखादं मत दुसऱ्याच्या लेखात उद्धृत केलेलं सापडलं आणि मूळ तुम्ही पाहिलं नाही, तर तसं स्पष्ट लिहा. न पाहिलेल्या ग्रंथाचा पान क्रमांक आपला म्हणून देऊ नका. हाच नियम एआयच्या साधनांना. कठीण इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला त्यांची मदत होते, पण ती अस्तित्वात नसलेले लेख आणि चुकीचे पान क्रमांक अगदी खात्रीने देतात. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही तो सूचीत नको. एआयने दिलेला सारांश टिपणात ठेवलाच तर त्याला ‘सारांश’ म्हणू नका, वेगळी खूण करा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे पुढचे स्तर आहेत. तो टक्का खाली आणण्यासाठी शेवटच्या रात्री शब्द फिरवत बसणाऱ्यांनी उतारा, सारांश आणि ‘मी’ हे वेगळे ठेवलेले नसतात. टिपणंच नीट असतील तर या तपासणीची धास्ती उरत नाही.

बॅकअपचं थोडक्यात: लॅपटॉपवर एक प्रत, पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर दुसरी, क्लाउडवर तिसरी. गूगलच्या खात्यात १५ जीबी मोफत आहे. शोधनिबंधाला ते भरपूर होतं. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी फोनमधून बाहेर काढा, कारण तेवढंच पुन्हा मिळणार नाही. झोटेरोचा संग्रह दर आठवड्याला एक्स्पोर्ट करून ती फाइल मसुद्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. निबंध देताना मार्गदर्शकांना पीडीएफसोबत ती फाइल आणि स्रोतांचा तक्ताही पाठवा. आणि ज्या आजी-आजोबांनी मुलाखत दिली त्यांना निबंधाची छापील प्रत नेऊन द्या, त्यांच्या बोलण्यावर आधारलेला भाग वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर ते तिथेच सांगतील. ती दुरुस्ती तारखेसह मु-०१ च्या टिपणाखाली लिहून ठेवा.